श्लोकांतून गणित शिकविणारे भास्कराचार्य



गणिताचे नाव काढले की पुष्कळ मुलांच्या चेहऱ्यावर चिंता दिसते. तीच मुले कविता मात्र दोन दिवसांत तोंडपाठ करतात. मग गणितच कवितेत सांगितले तर? असा प्रयोग आपल्याच मातीत सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी झालेला आहे. तो करणारे थोर गणितज्ञ म्हणजे भास्कराचार्य. या अंकात आम्ही त्यांच्या जीवनाची ओळख करून देत आहोत.

भास्कराचार्यांचा जन्म शके 1036 मध्ये, म्हणजे सन 1114 साली झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच श्लोकात गुंफून ठेवले आहे. त्या काळी श्लोकात आकडे शब्दांनी सांगत. रस सहा म्हणून सहा, गुण तीन म्हणून तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि पृथ्वी एकच म्हणून एक. हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की 1036 मिळतात. स्वतःच्या जन्मसालाचेही त्यांनी एक छोटे कोडे केले!

आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड असल्याचे त्यांनी लिहिले आहे. हे गाव नेमके कोणते यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु अनेक अभ्यासक ते चाळीसगावजवळच्या पाटण परिसरात मानतात. खानदेशातून सुरतेला येऊन स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना चाळीसगाव परके नाही. तिकडचे पाणी गिरणेला मिळते, गिरणा तापीला मिळते आणि तापी आपल्या सुरतेला येते.

भास्कराचार्यांचे पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. घरात पिढ्यान्‌पिढ्या विद्या होती. वयाच्या 36 व्या वर्षी, सन 1150 मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ हा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. त्यांपैकी ‘लीलावती’ने कित्येक शतके विद्यार्थ्यांना अंकगणित शिकविले. पुढे 69 व्या वर्षी, सन 1183 मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ हा ग्रंथ लिहिला. म्हणजे उतारवयातही अध्ययन सुटले नव्हते.

‘लीलावती’ संपूर्ण श्लोकबद्ध आहे. याचे कारण केवळ हौस नव्हे. त्या काळी छपाई नव्हती, पोथी हाताने लिहावी लागे आणि ती प्रत्येकाजवळ नसे. वृत्तात बांधलेला नियम मात्र एकदा पाठ झाला की जन्मभर सोबत राही. शिवाय श्लोकातला एखादा शब्द चुकला तर चाल अडखळते व चूक लगेच कळते.

आणि उदाहरणे किती रसाळ! एका उदाहरणात भुंग्यांचा थवा आहे. थव्याचा पाचवा भाग एका झाडाकडे जातो, तिसरा भाग दुसऱ्या फुलांकडे, आणि या दोन भागांतील फरकाच्या तिप्पट भुंगे तिसऱ्या झाडाकडे. एकच भुंगा हवेत घुटमळत राहतो. तर एकूण भुंगे किती? पंधरांश करून पाहा : तीन, पाच आणि सहा मिळून चौदा पंधरांश झाले. उरलेला एक पंधरांश म्हणजे तो एकटा भुंगा. उत्तर 15. अपूर्णांक शिकताना मुलाचे मन त्या एकट्या भुंग्यात गुंतलेले राहते.

आज संख्याशास्त्रात ज्याला सरासरी म्हणतात, तिचाही उपयोग येथे आहे. ओबडधोबड खड्ड्याचे माप काढायचे असेल तर अनेक ठिकाणी मापे घ्यावीत, त्यांची बेरीज करावी आणि ठिकाणांच्या संख्येने भागावे, असे ते सांगतात. ग्रंथाच्या शेवटी अंकपाश आहे. चार हातांत चार आयुधे किती प्रकारे धरता येतील? 24. दहा हातांत दहा आयुधे? 36,28,800. गायत्री छंदात लघु-गुरूंच्या किती रचना होतात, हेही ते मोजून दाखवितात : 1,67,77,216. कवितेने गणित शिकविले आणि गणिताने कविता मोजली.

लीलावती ही त्यांची कन्या व तिच्यासाठी ग्रंथ लिहिला, ही कथा सर्वांना आवडते. ती अकबराच्या दरबारातील फैजीने सन 1587 मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात येते. तिला भास्कराचार्यांच्या काळातला पुरावा मात्र नाही.

एक गोष्ट आम्ही मुद्दाम सांगू इच्छितो. भास्कराचार्य पाठांतरावर थांबले नाहीत. ग्रहगणित व गोलाध्याय यांवर त्यांनी स्वतःच गद्यात भाष्य लिहून नियमामागची उपपत्ती समजावली. श्लोक लक्षात राहण्यासाठी, भाष्य समजण्यासाठी. दोन्हींची गरज आहे.

त्यांचे पुत्र लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव हेही विद्वान होते. चांगदेव यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी होते. आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून त्यांनी पाटण येथे मठ स्थापिला. त्याचा सन 1207 चा शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला. लेख संस्कृतात आहे, पण शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारातील विक्रीवरचे राजाचे उत्पन्न मठाला दिल्याचे आणि तेलाच्या घाण्यांकडून मठाला तेल देण्याचे त्यात नमूद आहे. म्हणजे राजाश्रयाबरोबर ग्राहक आणि तेली यांच्या हातभारावरही ती पाठशाळा चालणार होती. विद्या एका घरात जन्मते, पण टिकते ती गावाच्या आधाराने. परप्रांतात मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको.

आज तो मठ राहिला नाही, पण श्लोक राहिले. आपल्या घरातही असाच एक ठेवा आहे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे चालीवर म्हणणारे आजी-आजोबा अजून काही घरांत आहेत. विद्यार्थ्यांनो, या सुट्टीत त्यांच्याजवळ बसा, एक तरी पाढा त्यांच्याच चालीत शिका आणि तो तसाच का येतो हे वहीत मांडून पाहा. पालकांनी ही वही अवश्य पाहावी. शाळा उघडल्यावर आम्ही त्या वह्या पाहू आणि पाढे वर्गात सर्वांसमोर ऐकू.