गुंजन पक्ष्यांचा अभ्यासक : जॉन गूल्ड

जास्वंदीच्या फुलापाशी क्षणभर फडफडून मध पिणारा चिमुकला शिंजीर तुम्ही पाहिला असेल. काही लोक त्यालाच गुंजन पक्षी समजतात. परंतु गुंजन पक्षी, म्हणजेच हमिंगबर्ड, आपल्या देशात मुळीच आढळत नाही. त्याचे घर अमेरिका खंडात आहे. या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन गूल्डचे चरित्र मोठे उद्‌बोधक आहे.

गूल्डचा जन्म इ. स. १८०४ मध्ये इंग्लंडमधील लाइम रीजिस या गावी झाला. त्याचे वडील माळी होते. पुढे त्यांना विंडसरच्या राजोद्यानात काम मिळाले. गूल्डचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. बागकाम शिकत असतानाच, मेलेल्या पक्ष्यांच्या कातड्यात पेंढा भरून ते जिवंतासारखे उभे करण्याची कला त्याने साध्य केली. तिच्या बळावर १८२७ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात त्याची नेमणूक झाली. तेथे त्याने हिमालयातील पक्ष्यांवर ग्रंथ काढला. त्यातील चित्रे त्याची पत्नी एलिझाबेथ हिने तयार केली. हिमालयातील एका शिंजिराला तिचेच नाव दिलेले आहे. १८४१ साली तिचा अकाली मृत्यू झाला. तरीही गूल्डने आपले कार्य सोडले नाही.

पक्ष्यांच्या जाती ओळखण्यात त्याचा हातखंडा होता. चार्ल्स डार्विनने गॅलापागोस बेटांवरून आणलेल्या काही पक्ष्यांच्या चोची अगदी निरनिराळ्या आकारांच्या होत्या. तरीही त्या साऱ्या एकमेकींच्या निकटच्या जाती आहेत, हे १८३७ साली गूल्डने ओळखले.

पुढे गुंजन पक्ष्यांनी त्याला वेड लावले. अमेरिकेतून येणारी त्यांची कातडी तो जमवू लागला. १८५१ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात त्याने हा संग्रह मांडला, तेव्हा सुमारे ७५,००० लोक तो पाहावयास आले. परंतु या पक्ष्यांची ओळख पटविणे सोपे नसते. त्यांच्या कंठाची झळाळी रंगद्रव्याची नसून पिसांच्या सूक्ष्म रचनेवर होणाऱ्या प्रकाशाच्या खेळाची असते. त्यामुळे जो कंठ एका बाजूने माणकासारखा लाल दिसतो, तोच दुसऱ्या बाजूने काळा भासतो. शिवाय नर व मादी यांचे रंगही पुष्कळदा वेगळे असतात. ही झळाळी चित्रात उतरविण्यासाठी गूल्डने सोन्याच्या वर्खावर पारदर्शक रंग देण्याची रीत वापरली.

इतके करूनही एक उणीव राहिलीच. गूल्डने जिवंत गुंजन पक्षी कधीच पाहिला नव्हता! अखेर १८५७ साली, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो समुद्र ओलांडून अमेरिकेस गेला. फिलाडेल्फिया येथील एका जुन्या बागेत त्याला माणिककंठी गुंजन पक्षी दिसला. जेमतेम तीन ग्रॅम वजनाचा हा पक्षी सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलवितो व हवेत एकाच जागी स्थिर राहून फुलातील मध पितो. तो बारीक कीटकही खातो. त्याचे उडणे गूल्डच्या कल्पनेहून निराळेच होते. शेकडो निर्जीव कातड्यांनी जे सांगितले नव्हते, ते एका जिवंत पक्ष्याने दाखविले.

परतताना त्याने दोन जिवंत पक्षी बरोबर घेतले. साखरपाणी पाजून तो त्यांना जपत होता. पण युरोपची थंड हवा लागताच ते मलूल झाले. एक वाटेतच मेला. दुसरा लंडनला पोहोचला, परंतु दुसऱ्या दिवशी त्यानेही प्राण सोडला. आपले हवामान आणि आपली फुले यांवाचून हा पक्षी जगू शकला नाही.

गुंजन पक्ष्यांवरील गूल्डचा पाच खंडांचा ग्रंथ १८६१ साली पूर्ण झाला. त्यात ३६० रंगीत चित्रे आहेत. १८८१ साली गूल्ड मरण पावला. संग्रहालयातील कातड्यांवरून पक्ष्याचे नाव कळते. पण त्याचे जीवन जाणण्यासाठी त्याच्या घरीच जावे लागते, हा धडा त्याच्या चरित्रातून मिळतो.