समुद्र ओलांडून शिकायला गेलेली मुलगी : डॉ. आनंदीबाई जोशी

आगमन-शताब्दीच्या या स्मरणिकेसाठी एका थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आम्हांला सांगण्यात आले, तेव्हा शिवाजी महाराज, टिळक ही नावे प्रथम मनात आली. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्ही पडलो प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. आमच्या मॉरिशसमध्ये परीक्षेचा निकाल लागला की लोरेआ ठरलेल्या मुलांना लोक खांद्यावर घेऊन नाचतात, घरात मिठाई वाटली जाते, आणि थोड्याच महिन्यांत विमानतळावर आई पदर डोळ्यांना लावून उभी असते. शिकण्यासाठी परदेशी जाणे हे आमच्या बेटावर घरोघरचे स्वप्न झाले आहे. म्हणून या वाटेने फार आधी गेलेल्या एका मराठी मुलीची हकिगत सांगावी, असे वाटले.

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. जन्म 31 मार्च 1865 चा, कल्याणच्या एका जुन्या घराण्यात. नवव्या वर्षी तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी टपाल खात्यात कारकून, बिजवर, तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठा. बायकोला शिकवायचेच, हे त्याचे वेड होते. त्या काळी लोक बायकोने पुस्तक हातात धरले म्हणून मारीत, हा गृहस्थ तिने पुस्तक खाली ठेवले म्हणून मारी. हे आम्ही विनोदाने लिहीत नाही. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी त्या माराची आठवण काढली आहे. गोपाळरावांचे गुणगान करणाऱ्या लेखांत हा भाग बहुधा गाळलेला असतो. आम्हांला तो गाळावासा वाटत नाही. त्याच्याशिवाय ती शिकली नसती हे खरे, आणि लहान मुलीला मारून शिकवले हेही खरे.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. दहा दिवसांत तो गेला. पुरुष डॉक्टरपुढे बाईने जायचे नाही, आणि बाई डॉक्टर तर औषधालाही नाही, अशी त्या वेळची स्थिती. पुढे डॉक्टरकीचा विचार तिच्या मनात पक्का झाला तो याच दुःखातून. परदेशाची हौस आधी आणि विषय मागाहून, असे तिचे झाले नाही. आधी गरज कळली. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता, परंतु तिथले शिक्षण स्त्रियांसाठी पुरेसे नाही असे तिचे मत झाले होते.

गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना एका मिशनऱ्याला पत्र लिहून बायकोला अमेरिकेत शिकवण्यासाठी मदत मागितली होती. ते पत्र अमेरिकेतल्या एका धार्मिक मासिकात छापले गेले. ख्रिस्ती व्हा, मग पाहू, अशा अर्थाचे उत्तर त्यांना मिळाले आणि गोष्ट तिथेच थांबली. परंतु 1880 साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो जुना अंक त्यांच्या हाती आला. त्यांनी सरळ आनंदीबाईंना पत्र लिहिले. पत्रे जात राहिली, येत राहिली, आणि न पाहिलेली ती बाई आनंदीबाईंची मावशी झाली.

गोपाळरावांची बदली एव्हाना बंगालमध्ये झाली होती. लोक कुजबुजत, टोमणे मारीत. तेव्हा 24 फेब्रुवारी 1883 रोजी श्रीरामपूरच्या कॉलेजात ही अठरा वर्षांचीही पूर्ण न झालेली मुलगी सभेपुढे उभी राहिली आणि आपण अमेरिकेला का जातो, हे तिने इंग्रजीत समजावून सांगितले. हिंदुस्थानात हिंदू स्त्री डॉक्टरांची गरज आहे, आणि मी हिंदू म्हणून जाते, हिंदू म्हणूनच परत येईन, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. भाड्यासाठी दागिने विकले. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून बोट सुटली. नवरा सोबत नव्हता. मिशनरी बायकांच्या सोबतीने ती लंडनवरून 4 जून 1883 ला न्यूयॉर्कला उतरली.

इथे वाचकांनी क्षणभर थांबावे. त्याच कलकत्त्याच्या हुगळी नदीवरून त्या काळात गिरमिट्यांची जहाजे मॉरिशस, त्रिनिदाद, डेमेरारा अशी सुटत होती. आपले मराठी पूर्वज बहुतेक मुंबईहून निघाले, तरी काळे पाणी एकच. समुद्र ओलांडला की जात गेली, ही भीती त्यांनाही होती आणि हिलाही. ते अंगठा उठवून निघाले, ही सही करून निघाली. पोर्ट लुईच्या कुली घाटावरच्या त्या सोळा पायऱ्या चढताना आपल्या पणजीला वाट पाहणारे कोणी नव्हते. आनंदीबाईंना मात्र न्यूयॉर्कच्या धक्क्यावर कार्पेंटरमावशी न्यायला आल्या होत्या. परदेशी गेलेल्या मुलांकडे पाहून आम्हांला वाटते की हा फरक फार मोठा आहे.

फिलाडेल्फियाला स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय 1850 पासूनच चालू होते. आनंदीबाईंनी अर्ज केला, डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली. पण शिष्यवृत्तीने थंडी जात नाही. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात, तेव्हा तिने गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. मांसाहार करायचा नाही, हा नेम तिने सोडला नाही, म्हणजे दिवसभर अभ्यास आणि संध्याकाळी स्वतःचा स्वयंपाक. हिंदुस्थानातून निघण्यापूर्वीच तिला ताप, डोकेदुखी, दम लागणे असे त्रास होते. ते तिथे वाढले. आपली मुलेही थंड देशांतून फोनवर जेवलो म्हणून सांगतात. ती काय जेवली असतील, हे आयांना न सांगताच कळते.

तिच्या कॉलेजातला एक फोटो आहे, 10 ऑक्टोबर 1885 चा. तीन विद्यार्थिनी आपापल्या देशाच्या पोशाखात बसल्या आहेत : साडीत आनंदीबाई, किमोनोत जपानच्या केई ओकामी, आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली. आम्ही हा फोटो वर्गात मुलांना दाखवतो. तिघी तीन धर्मांच्या, तीन भाषांच्या, एकाच शाळेत. आपल्या शाळेच्या अंगणासारखेच हे चित्र आहे म्हणून मुलांना त्याचे नवल वाटत नाही. आम्हांला मात्र दर वेळी वाटते.

11 मार्च 1886 ला ती एम.डी. झाली. हिंदू स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रीतींवर तिने प्रबंध लिहिला होता. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या, गोपाळरावही तोवर अमेरिकेत आले होते. कोल्हापूर संस्थानाने आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या विभागाचे काम तिला देऊ केले आणि तिने ते स्वीकारले. ज्या कारणासाठी गेली, ते काम हाताशी आले होते.

परंतु क्षयाने शरीर पोखरले होते. त्या वर्षाच्या अखेरीस ती मायदेशी परतली ती आजारीच. कोल्हापूरला रुजू होणे घडलेच नाही. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात तिने प्राण सोडला. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता.

एका वर्षी ही गोष्ट सांगून झाल्यावर एका मुलीने हात वर करून विचारले की मग तिने आपल्या देशात किती बायकांना बरे केले. एकीलाही नाही, असे उत्तर आम्हांला द्यावे लागले. ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली, आणि मग तिने विचारले की मग तिला डॉक्टर का म्हणायचे. वर्गात नेहमी तयार उत्तर असणाऱ्या आम्ही त्या दिवशी फळा पुसत राहिलो.

घरी आल्यावर सुचले ते दुसऱ्या दिवशी सांगितले. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला पाठवली. जिच्या मनात कधी काळी एक जुना अंक वाचून ओळखदेख नसलेल्या मुलीला पत्र लिहावेसे वाटले, त्या मावशीने ती आपल्या घरच्या स्मशानभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावी, आपल्याच कुटुंबातल्यांच्या शेजारी ठेवली. वर दगड बसवला. त्या दगडावर नाव आहे आनंदीबाई जोशी, आणि नावापुढे एम.डी.