कर्नल मेडोज टेलर (१८०८–१८७६)

विद्यार्थिमित्रहो, आपल्या अंजनगाव सुर्जीचे नाव इतिहासात कायमचे कोरले गेले, ते ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यात झालेल्या तहामुळे. त्याच महिन्यात देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडवरील अंमल संपून हा मुलूख निजामाकडे गेला. पुढे ज्या इंग्रज गृहस्थाने निजामाच्या चाकरीत आयुष्य वेचले, आपल्या वऱ्हाडचाही कारभार पाहिला आणि हिंदी लोकांवर कादंबऱ्या लिहून कीर्ती संपादन केली, त्या कर्नल फिलिप मेडोज टेलर यांचे चरित्र विचार करण्याजोगे आहे.

टेलर यांचा जन्म १८०८ साली लिव्हरपूल येथे झाला. वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी एका व्यापारी पेढीत काम करण्यासाठी ते मुंबईस आले. पेढीची स्थिती खालावलेली पाहून १८२४ मध्ये ते निजामाच्या सैन्यात दाखल झाले. त्यांनी येथील भाषा परिश्रमपूर्वक आत्मसात केल्या. हैदराबादचे प्रख्यात सावकार विल्यम पामर यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. पामर यांची माता हिंदी होती. शोरापूर संस्थानात १८४१ पासून १८५३ पर्यंत त्यांनी असा कारभार केला की, रयत त्यांस प्रेमाने महादेवबाबा म्हणू लागली. १८५७ च्या धामधुमीत हाताशी फौज नसताना त्यांनी बुलढाण्यास राहून उत्तर वऱ्हाडात शांतता राखली.

अशा या लोकप्रिय पुरुषाची सर्वांत गाजलेली कादंबरी म्हणजे १८३९ साली प्रसिद्ध झालेली ‘एका ठगाची कबुली’. अमीर अली नावाचा ठग आपण केलेल्या खुनांची हकिकत एका साहेबास सांगतो, अशी तिची मांडणी आहे. हे दुष्कृत्य देवीच्या आज्ञेने व परंपरेने चालते, असे चित्र तीत रंगविले आहे. यामुळे विलायतेतील पुष्कळ वाचकांची अशी समजूत झाली की, हिंदुस्थानचा वाटसरू वरून गोड असला, तरी त्याच्या रुमालात फास दडलेला असतो. ठगांविषयीची बरीचशी माहिती माफीच्या साक्षीदारांच्या जबान्यांवरून मिळाली होती. म्हणून पुढील इतिहासकारांनी तिच्याविषयी शंका घेतल्या.

आश्चर्य असे की, खुद्द कादंबरीचे कथानकच या समजुतीस छेद देते. अमीर अली जन्माने ठग नाही. त्याच्या मातापित्यांस मारणाऱ्या ठगानेच त्याला वाढविले. म्हणजे दोष रक्ताचा नसून संगतीचा होता. परंतु वाचकांनी एवढे बारकाईने पाहिले नाही.

१८७२ च्या ‘सीता’ या कादंबरीत टेलर यांनी इंग्रज तरुणाचा हिंदू विधवेशी विवाह लावला. त्या काळी हे धाडसच होय. तथापि अखेरीस नायिका मरण पावते आणि नायक इंग्रज स्त्रीशी लग्न करतो. ज्या लेखकाच्या स्वतःच्या संसारात दोन रक्ते एकत्र नांदली, त्याची लेखणीही येथे अडखळली! १८७६ मध्ये फ्रान्समधील मेंतों येथे त्यांचे देहावसान झाले.

जात पाहून माणसास गुन्हेगार ठरविण्याची ही वृत्ती केवळ पुस्तकात राहिली नाही. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार मानल्या गेल्या. पुढे आपल्याकडील फासेपारधीही या शिक्क्यातून सुटले नाहीत. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. तरी गावात चोरी होताच प्रथम पारध्यांच्या पालाकडे बोट दाखविणारे आजही आढळतात.

टेलर यांचा प्रेमळपणा खरा होता आणि त्यांच्या ग्रंथाने केलेली हानीही खरी होती. म्हणून, बालमित्रहो, ग्रंथकर्त्याचे गुण आदराने घ्यावे. परंतु त्याने एखाद्या समाजास लावलेला डाग मात्र तपासल्यावाचून खरा मानू नये. दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याने आपल्या डोळ्यातील मुसळ आधी काढावे. साहेबाच्या पुस्तकातील पूर्वग्रहाने आपण दुखावतो. तोच पूर्वग्रह पालात राहणाऱ्या आपल्या शेजाऱ्याविषयी आपण बाळगीत नाही ना, हे प्रत्येकाने आपल्या मनास विचारावे.