राक्षसाची आई

मैत्रिणींनो, फ्रँकेन्स्टाईन हे नाव तुमच्यापैकी बहुतेकींनी ऐकलं असेल. सपाट डोकं, मानेत खिळे आणि टाके घातलेला चेहरा असा तो अजस्र राक्षस. हे रूप १९३१ च्या हॉलिवूडच्या सिनेमातलं, बोरिस कार्लोफ या नटाचं. पण मूळ कादंबरीत फ्रँकेन्स्टाईन हे राक्षसाचं नाव नाहीच मुळी. ते त्याला बनवणाऱ्या विद्यार्थ्याचं आडनाव. राक्षसाचं बारसं कुणी केलंच नाही. आणि जगभर गाजलेली ही भयकथा लिहायला घेतली ती अठरा वर्षांच्या एका मुलीने. तिच्या मांडीवर तेव्हा पाच महिन्यांचं बाळ होतं. ही मुलगी म्हणजे मेरी शेली. तिचं चरित्र वाचलं तेव्हापासून भुताखेताच्या गोष्टींकडे बघण्याची माझी नजरच बदलली, म्हणून आज तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ चा, लंडनमधला. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट. स्त्रियांना पुरुषांसारखंच शिक्षण मिळालं पाहिजे, हे १७९२ मध्ये ठणकावून सांगणारं पुस्तक लिहिणारी बाई. वडील विल्यम गॉडविन त्या काळातले नावाजलेले विचारवंत. अशा घरात मुलगी जन्मली, पण वार पूर्ण पडली नाही. डॉक्टर आले, त्यांनी हाताने ती काढली. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं. ताप चढला आणि अकराव्या दिवशी, १० सप्टेंबरला, बाळंतीण गेली. डॉक्टरांनी हात नीट धुतले तर हा सुतिकाज्वर टळतो, हे व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं ते १८४७ मध्ये. म्हणजे तब्बल पन्नास वर्षांनी!

वडिलांनी १८०१ मध्ये दुसरं लग्न केलं. सावत्र आईशी मेरीचं कधी जमलं नाही. सेंट पँक्रसच्या दफनभूमीत आईची कबर होती, तिथे ती पुस्तक घेऊन जाऊन बसायची. असं सांगतात की, अक्षरं गिरवायला ती शिकली तीही आईच्या थडग्यावर कोरलेल्या नावावरून. आईचं आणि तिचं नाव एकच. आपल्या येण्याने आई गेली, ही टोचणी त्या पोरीला किती लागली असेल, याची कल्पना आपण बायकाच करू शकतो.

सोळाव्या वर्षी ती पर्सी शेली या तरुण कवीच्या प्रेमात पडली. तो विवाहित होता, बायको गरोदर होती. तरीही जुलै १८१४ मध्ये दोघं पळून गेली. स्वातंत्र्याच्या गोष्टी लिहिणाऱ्या वडिलांनीच मग मुलीला दार बंद केलं. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला दिवस पूर्ण भरण्याआधीच मुलगी झाली आणि दोन आठवड्यांत ती झोपेतच गेली. काही दिवसांनी मेरीने डायरीत एक स्वप्न लिहून ठेवलं. बाळ मेलेलं नव्हतंच, नुसतं गारठलं होतं, शेकोटीपाशी नेऊन चोळलं आणि ते जिवंत झालं, असं ते स्वप्न. जागी झाली तेव्हा बाळ नव्हतं.

मैत्रिणींनो, मेलेल्या देहात प्राण फुंकण्याची कल्पना या मुलीला कुठून सुचली, याचं उत्तर मला तरी या स्वप्नात दिसतं.

आता १८१६ चा उन्हाळा. आदल्या वर्षी, एप्रिल १८१५ मध्ये, इंडोनेशियात तांबोरा नावाच्या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता. त्याची राख आणि वायू आकाशात पसरून युरोपात त्या वर्षी उन्हाळा आलाच नाही. थंडी, पाऊस, पिकं बुडालेली. मेरी, पर्सी आणि मेरीची सावत्र बहीण क्लेअर जिनिव्हाच्या तळ्याकाठी राहायला गेली होती. शेजारच्या बंगल्यात प्रसिद्ध कवी बायरन आणि त्याचा तरुण डॉक्टर पोलिदोरी. पावसाने सगळे घरात अडकलेले. जर्मन भुताच्या गोष्टींचं फ्रेंच भाषांतर हाताशी होतं, ते मोठ्याने वाचणं चाललं. मग बायरनने टूम काढली, की प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहायची.

दोन्ही थोर कवींच्या गोष्टी अर्धवटच राहिल्या. पोलिदोरीची रक्तपिपासूची गोष्ट १८१९ मध्ये छापली गेली, तिच्याच वाटेने पुढे १८९७ मध्ये ड्रॅक्युला आला. मेरीला मात्र काही केल्या सुचेना. रात्री पुरुषमंडळी विजेच्या प्रयोगांवर बोलत बसत, ती ऐकत असे. इटलीच्या गॅल्व्हानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने हलवून दाखवले होते. त्याच्या भाच्याने तर १८०३ मध्ये लंडनमध्ये फाशी दिलेल्या माणसाच्या प्रेतावर विजेचा प्रयोग केला, तेव्हा त्या प्रेताचा जबडा हलला, एक डोळा उघडला. अशाच एका रात्री अर्धवट झोपेत मेरीला दिसलं, की एक तरुण आपणच जोडून बनवलेल्या देहाशेजारी गुडघे टेकून बसलाय आणि तो देह हलू लागलाय. दुसऱ्या दिवशी तिने लिहायला घेतलं.

गोष्ट थोडक्यात अशी. जिनिव्हाचा व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन प्रेतांचे तुकडे जोडून एक देह घडवतो. देह डोळे उघडतो, आणि व्हिक्टर त्याचं कुरूप तोंड पाहून पळून जातो. जन्मल्या क्षणी टाकून दिलेलं हे लेकरूच म्हणा ना! ते जंगलात भटकतं. एका गरीब कुटुंबाच्या झोपडीला लागून लपून राहतं, फटीतून बघून बघून भाषा शिकतं, रात्री गुपचूप त्यांना सरपण आणून देतं. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो, कारण त्याला त्याचं रूप दिसत नसतं. डोळस माणसं घरी येतात आणि त्याला काठीने बडवतात. पुढे ते बुडणाऱ्या एका मुलीला वाचवतं, तर बक्षीस म्हणून गोळी खातं. इतकं सगळं झाल्यावर ते सूडाला पेटतं, खून करतं. पहिला बळी व्हिक्टरचा धाकटा भाऊ, त्याचं नाव विल्यम. मेरीच्या मांडीवरच्या बाळाचं नावही विल्यमच होतं. लिहिताना तिचा हात कसा थरथरला नसेल!

आपल्याकडे केलेलं आपल्यावरच उलटलं की आपण भस्मासुर म्हणतो. पण भस्मासुराला शंकराने वर तरी दिला होता. या बिचाऱ्याला काहीच मिळालं नाही, साधं नावही नाही.

भयकथा तिच्या आधीही होत्या. हॉरेस वॉलपोलने १७६४ मध्ये पडक्या वाड्याची गोष्ट लिहिली, तिथून इंग्रजीत या प्रकाराची लाट आली. अ‍ॅन रॅडक्लिफ या लेखिकेने तर त्यात भरपूर नाव कमावलं. माणसाला अशा गोष्टी का आवडतात, यावर तत्त्वज्ञांनीही डोकं चालवलं होतं. एडमंड बर्कने १७५७ मध्ये मांडलं, की धोका लांब असेल आणि आपण सुरक्षित असू, तर भीतीतही एक प्रकारचं सुख असतं. पावसाळ्यात दिवे गेल्यावर आजीभोवती कोंडाळं करून भुताच्या गोष्टी ऐकणाऱ्या आपल्याला हे समजावून सांगायला नको! मेरीने मात्र या भीतीला एक प्रश्न जोडला. राक्षस जन्मतो की घडवला जातो? माणूस मुळात चांगला असतो, समाज त्याला बिघडवतो, असं जिनिव्हाचाच रूसो म्हणून गेला होता. पण या रूसोने आपली पाचही मुलं अनाथालयात टाकली होती. मेरीने पुढे त्याचं चरित्र लिहिलं, तेव्हा या गोष्टीसाठी त्याला मुळीच माफ केलं नाही.

पुस्तक १ जानेवारी १८१८ ला निघालं. ५०० प्रती, आणि लेखिकेचं नाव नाही! प्रस्तावना पर्सीची, त्यामुळे पुस्तकही त्याचंच असं अनेकांनी गृहीत धरलं. मेरीचं नाव पुस्तकावर आलं ते १८२३ च्या आवृत्तीत. तोवर तिच्या आयुष्यात काय काय घडून गेलं होतं! १८१६ मध्येच मोठ्या सावत्र बहिणीने, फॅनीने, विष घेतलं. पर्सीच्या पहिल्या बायकोचं प्रेत तळ्यात सापडलं, त्यानंतर मेरीचं आणि पर्सीचं रीतसर लग्न झालं. १८१८ मध्ये मुलगी क्लारा गेली. १८१९ मध्ये रोममध्ये हिवतापाने तीन वर्षांचा विल्यम गेला. १८२२ च्या जूनमध्ये गर्भपात होऊन मेरी स्वतः मरता मरता वाचली आणि ८ जुलैला होडी बुडून पर्सी गेला. विधवा झाली तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. चार मुलांपैकी एकच उरला, पर्सी फ्लॉरेन्स.

सासऱ्याने नातवासाठी बेताचे पैसे देऊ केले, तेही शेलीचं चरित्र लिहायचं नाही या अटीवर. मेरी लिहित राहिली. लेखणीवर घर चालवलं, मुलाला शिकवलं, नवऱ्याच्या कविता संपादित करून १८३९ मध्ये छापल्या. साथीच्या रोगाने सगळी मानवजात संपते, अशी कादंबरी तिने १८२६ मध्येच लिहिली होती. करोनाच्या काळात त्या कादंबरीची पुन्हा आठवण निघाली. १ फेब्रुवारी १८५१ ला, त्रेपन्नाव्या वर्षी, ती गेली.

हे सगळं वाचताना मला राहून राहून आमच्या भागातल्या वस्त्या आठवतात. गरोदर बायांच्या नावनोंदणीसाठी मी तिकडे जाते. बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, अळवंतीण होते, हे तिथे अजून ऐकायला मिळतं. बाळंतिणीच्या उशाशी विळा ठेवतात, कुणा एकीचं नाव तिन्हीसांजेला घेत नाहीत. पण ती गेली कशाने, अंगात रक्त किती होतं, दवाखान्यात न्यायला उशीर का झाला, हे कुणी विचारत नाही. जी सगळ्यांनी मिळून वाचवायला हवी होती, तिचंच आपण भूत करतो आणि वर तिलाच घाबरतो. एकट्यादुकट्या विधवेला चेटकीण ठरवतात, तेही याच जातीचं. त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे, पण कायदा गावात पोचायला आधी कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

भुताच्या गोष्टी सांगू नका, असं मी म्हणणार नाही. त्या ऐकायला मलाही आवडतात. पण मेरीच्या आईला कुणी हडळ म्हटलं नाही, आणि तिच्या लेकीने राक्षसाची गोष्ट सांगताना सुद्धा त्या राक्षसाला बोलू दिलं, त्याची बाजू मांडू दिली. आपल्या गावच्या हडळीची गोष्ट निघाली, तर आपणही एवढं करू या. ती बाई कोण होती, कितव्या वर्षी लग्न झालं, कितवं बाळंतपण होतं, तिच्यामागे कोण लेकरू राहिलं, एवढं विचारू या. आणि ते लेकरू अजून गावातच असेल, तर त्याला हडळीचं पोर म्हणून कुणी हिणवत नाही ना, हेही बघू या.