कुठल्याही दुकानातला नट कुठल्याही बोल्टला बसतो, ही सोय जोसेफ व्हिटवर्थमुळे झाली

धानाचा हंगाम जोरात सुरू आहे आणि तिरोड्यातल्या एखाद्या राईस मिलमध्ये मशीन थांबतं. तुटलेलं काय असतं, तर एक साधा बोल्ट. माणूस तो खिशात टाकून हार्डवेअरच्या दुकानात जातो आणि चार सुती बोल्ट मागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणजे हा झाला अर्ध्या इंचाचा. दुकानदार बोल्ट काढून देतो, जुना नट त्यावर फिरतो, मशीन पुन्हा सुरू होतं.

दोनशे वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. तेव्हा प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीने आटे पाडायचा. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. बोल्ट तुटला की ज्याने मशीन बनवलं त्याच्याकडेच जायचं, नाहीतर नवा घडवून घ्यायचा. तोवर मशीन बंद.

हा गोंधळ मिटवला जोसेफ व्हिटवर्थने.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधल्या स्टॉकपोर्टचा. आई लहानपणीच गेली. वडील धर्मोपदेशक झाले आणि पोराला दुसऱ्यांच्या हवाली करून गेले. चौदाव्या वर्षी त्याला मामाकाकांकडे, म्हणजे नात्यातल्याच एकाच्या सूतगिरणीत कामाला लावलं. पुढेमागे तो गिरणीचा कारभार बघेल, अशी घरच्यांची अपेक्षा होती. पण त्याचा जीव हिशेबाच्या वह्यांपेक्षा यंत्रांत रमायचा. चार वर्षांनी त्याने गिरणी सोडली आणि मँचेस्टर गाठून मिस्त्रीकाम धरलं.

१८२५ मध्ये तो लंडनला गेला. तिथे हेन्री मॉडस्ले या नावाजलेल्या यंत्रकाराच्या कारखान्यात त्याला काम मिळालं. पुढे तो जोसेफ क्लेमंटकडेही होता. चार्ल्स बॅबेजचं गणितयंत्र तेव्हा तिथेच तयार होत होतं. लंडनमध्ये त्याला एक गोष्ट पटली. आधी अचूक मोजता आलं पाहिजे, मगच अचूक बनवता येतं.

१८३३ मध्ये मँचेस्टरला परतून त्याने स्वतःचा कारखाना काढला. तिथे त्याला रोज तोच प्रश्न भेडसावत होता. मशीन उत्तम, पण बोल्ट प्रत्येकाचे वेगळे.

मग त्याने काय केलं? आपलंच माप सगळ्यांवर लादलं नाही. इंग्लंडमधल्या कितीतरी कारखान्यांतून बोल्ट गोळा केले, त्यांचे आटे मोजले आणि सरासरी काढली. कोन आला ५५ अंश. तोच कायम केला. प्रत्येक जाडीला एका इंचात किती आटे, तेही ठरवून टाकलं. पाव इंचाला २०, अर्ध्या इंचाला १२. हे कोष्टक त्याने १८४१ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सपुढे मांडलं. सरासरी असल्यामुळे ते कोणालाच फार परकं वाटलं नाही. रेल्वे कंपन्यांनी ते उचललं आणि बाकीचे मागोमाग आले.

खरी परीक्षा क्रिमियाच्या युद्धात झाली. ब्रिटिश नौदलाला लहान युद्धनौकांसाठी घाईने इंजिनं हवी होती. एका कारखान्याच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. म्हणून सुटे भाग वेगवेगळ्या कारखान्यांकडून बनवून घेतले आणि नंतर जोडले. आटे सगळीकडे सारखे होते, म्हणूनच हे जमलं.

पण गोष्ट इथेच संपत नाही. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने ६० अंशांचा आटा सुचवला. व्हिटवर्थच्या आट्याचं टोक गोलसर होतं, सेलर्सचं सपाट. सपाट टोक करायला सोपं, म्हणून अमेरिका तिकडे गेली. अर्ध्या इंचाला तिथे १२ ऐवजी १३ आटे आले. पुढे मेट्रिक आट्यांनीही ६० अंशच घेतले.

भारतात रेल्वेची आणि गिरण्यांची यंत्रं ब्रिटनमधून आली, त्यांच्यासोबत व्हिटवर्थचे आटेही आले. स्वातंत्र्यानंतर देशाने मेट्रिक पद्धत स्वीकारली. त्यामुळे आज जुन्या मशीनवर इंची आणि नव्या मशीनवर मेट्रिक बोल्ट सापडतात. चूक होते ती इथेच.

अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि मेट्रिकचा एम १२ म्हणजे १२ मिलिमीटर. नजरेला दोन्ही सारखेच. पण एम १२ च्या दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिलिमीटर, तर व्हिटवर्थच्या अर्ध्या इंचात ते जवळपास २.१२ मिलिमीटर. एकाचा नट दुसऱ्यावर दोन-तीन वेढे जातो आणि अडकतो. पाना लावून जोर केला की आटे मरतात. पाव इंचाचा घोटाळा आणखी फसवा. ब्रिटिश आणि अमेरिकन दोघांचेही आटे २०, त्यामुळे नट आरामात फिरतो. पण कोन वेगळा असल्याने आटे नीट टेकत नाहीत आणि पकड कच्ची राहते.

म्हणून बोल्ट घेताना नुसती जाडी सांगून भागत नाही. जुना नमुना सोबत न्यावा, पिच गेज लावून आटे तपासावेत आणि लांबी मोजावी. मेट्रिक बोल्टच्या डोक्यावरचा आकडाही बघावा. ८.८ च्या जागी ४.६ लावला तर आटे जुळतील, पण त्याची ताकद निम्मीच असते. जिथे हादरे बसतात तिथे तो दगा देतो.

व्हिटवर्थने पुढे इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखवणारं मोजयंत्र बनवलं. १८६८ मध्ये त्याने तरुण इंजिनिअरांसाठी वर्षाला १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या सुरू केल्या. पुढच्याच वर्षी त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लोमध्ये त्याचं निधन झालं.

त्याचा ५५ अंशांचा आटा आता मागे पडत चालला आहे. पण आटे सगळ्यांचे एकच असावेत, हा त्याचा आग्रह मेट्रिकनेही सोडला नाही. तिरोड्याच्या राईस मिलमधलं मशीन त्याच दिवशी पुन्हा सुरू होतं, ते त्यामुळेच.