घरात समुद्र आणणारे गृहस्थ : फिलिप हेन्री गॉस

काचेच्या पेटीत खारे पाणी भरून त्यात रंगीत मासे, समुद्रपुष्पे आणि जिवंत पोवळी पाळण्याचा छंद आज सर्वत्र माहीत आहे. हा छंद ज्यांच्या लेखणीमुळे घरोघर पोहोचला, त्यांची ओळख आम्ही वाचकांस करून देत आहो. ते निसर्गशास्त्रज्ञ होते आणि एका लहानशा मंडळीत वचनाची सेवाही करीत. त्यांना मोठे यश मिळाले; पण त्या यशानेच त्यांना एक दुःख दिले.

फिलिप हेन्री गॉस यांचा जन्म ६ एप्रिल १८१० रोजी इंग्लंडात वूस्टर येथे झाला. वडील गावोगाव हिंडून माणसांची लहान चित्रे काढीत. घरी पैशाची सदा ओढ. बालपण पूल या बंदरात गेले. तेथे त्यांच्या एका आत्याने त्यांना किनाऱ्यावरील जीवजंतू निरखून पाहण्याची गोडी लावली. सतराव्या वर्षी ते न्यूफाउंडलंडला कारकून म्हणून गेले. पुढे कॅनडात शेती केली, ती बुडाली. अमेरिकेत अलाबामा प्रांती शाळामास्तर झाले. तेथील गुलामगिरी पाहून त्यांचे मन व्यथित झाले आणि १८३९ साली ते मायदेशी परतले. मग जमैका बेटात राहून त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. १८४८ मध्ये त्यांचा एमिली बोज यांच्याशी विवाह झाला. एमिलीबाई सुवार्तेच्या पत्रिका लिहीत. पतिपत्नी दोघेही ब्रदरन मंडळीत होती.

१८५२ साली प्रकृती बिघडल्याने गॉस कुटुंबासह डेव्हनच्या किनाऱ्यावर राहावयास गेले. ओहोटीच्या वेळी खडकांच्या खळग्यांत उतरून ते तासन् तास प्राणी पाहत. पण ते घरी आणून जगवायचे कसे? भांड्यातले पाणी थोड्याच दिवसांत नासे आणि प्राणी मरत. या प्रश्नाशी आणखीही काही जण झगडत होते. लंडनमध्ये अ‍ॅना थिन यांनी १८४६ पासून पोवळी जगवली होती. त्यासाठी पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात वरचेवर ओतून त्यात हवा मिसळावी लागे. रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञांनी वनस्पती व प्राणी एकमेकांना कसे तारतात हे दाखवले होते. गॉस यांनीही समुद्रशैवालावर तेच प्रयोग केले. शैवालाला प्रकाश मिळाला की ते प्राणवायू सोडते, त्यावर प्राणी जगतात. काचेवर साचणारे हिरवे शेवाळ लहान समुद्री गोगलगायी खाऊन टाकतात. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागे राहते. म्हणून कमी झालेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढावयाचे.

पण समुद्रापासून दूर राहणाऱ्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी गॉस यांनी १८५४ मध्ये कृत्रिम समुद्रजलाची कृती प्रसिद्ध केली. साधे मीठ, एप्सम सॉल्ट, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड एवढेच क्षार त्यात होते. ते पाणी तयार झाले की आधी त्यात शैवाल ठेवून काही दिवस थांबावे, मगच प्राणी सोडावेत. आजही खाऱ्या पाण्याची पेटी नवी मांडली की ती मुरेपर्यंत धीर धरावा लागतो. उतावळेपणाने पुष्कळ जीव मरतात.

१८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले. त्यासाठी गॉस यांनी प्राणी पुरवले. १८५४ च्या त्यांच्या ग्रंथामुळे अशा पेटीला ‘अ‍ॅक्वेरियम’ हे नाव रूढ झाले. त्यातील रंगीत चित्रे त्यांच्या स्वतःच्या हातची होती. लोकांनी त्या पुस्तकावर उडी घातली.

मग दुःखाचे दिवस आले. फेब्रुवारी १८५७ मध्ये एमिलीबाई स्तनाच्या कर्करोगाने वारल्या. मागे सात वर्षांचा एडमंड राहिला. त्याच वर्षी उत्पत्तीचा वृत्तांत आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालण्यासाठी गॉस यांनी लिहिलेला ग्रंथ शास्त्रज्ञांनी नाकारला, आणि पुष्कळ विश्वासणाऱ्यांनाही तो पटला नाही. मुलाला घेऊन ते डेव्हनमधील सेंट मेरीचर्च येथे कायमचे राहावयास गेले. तेथे मंडळीची सेवा करीत त्यांनी ब्रिटिश समुद्रपुष्पे व पोवळी यांवरील मोठा ग्रंथ १८६० मध्ये पुरा केला.

परंतु त्यांची पुस्तके वाचून माणसांच्या झुंडी किनाऱ्यावर येऊ लागल्या. जो तो खळग्यांतून हाताला लागेल ते ओरबाडून नेई. त्यातले बहुतेक घरी पोहोचून मरून जाई. काही वर्षांतच ते फुललेले खळगे ओसाड झाले. देवाची करणी लोकांनी पाहावी म्हणून ज्यांनी लिहिले, त्यांच्याच लिहिण्याने ती नासली. गॉस यांना हे कळले आणि फार लागले, असे एडमंड यांनी १९०७ च्या आपल्या पुस्तकात नमूद केले आहे. २३ ऑगस्ट १८८८ रोजी गॉस यांचे देहावसान झाले.

आम्हांला वाटते, रविवारच्या शाळेतील शिक्षकांनी या चरित्राचा हा शेवटचा भाग विसरू नये. सृष्टीचे कौतुक करावयास शिकवणे सोपे आहे. हात आवरावयास शिकवणे कठीण. आपल्या देशात खडक बांधणारी पोवळी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत; ती समुद्रातून तोडून आणणे गुन्हा आहे. मुलांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर अवश्य न्यावे. त्यांनी दगड उचलून पाहावा, खेकडा पाहावा आणि दगड जसा होता तसा परत ठेवावा.