शुश्रूषेच्या शिक्षिका : फ्लॉरेन्स नाइटिंगेल

आपल्या शाळेच्या कितीतरी माजी विद्यार्थिनी आज परिचारिका म्हणून रुग्णालयांतून आणि गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांतून काम करीत आहेत. त्यांपैकी एक मागे सुट्टीत भेटायला आली असता सहज बोलून गेली, की सासरचे लोक तिच्या नोकरीला लोकांची घाण काढण्याची नोकरी म्हणतात. तिला त्या वेळी आम्ही चार शब्द सांगितले खरे, पण इतिहासाच्या शिक्षकाने द्यायला हवे होते ते उत्तर राहूनच गेले. ते उत्तर म्हणजे हे चरित्र.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. घराणे इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत. वडिलांनी दोन्ही मुलींना घरीच ग्रीक, लॅटिन, इतिहास असे विषय शिकविले. फ्लॉरेन्स यांचा ओढा मात्र गणिताकडे फार. रुग्णसेवा करण्याची इच्छा त्यांनी बोलून दाखविताच घरात आकांत झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये रुग्णालयातील दाई म्हणजे अशिक्षित, दारू पिणारी, अन्य कोठे काम न मिळालेली बाई, अशी समजूत होती. घाणीचा स्पर्श करणाऱ्या हातांना हीन लेखण्याची खोड केवळ आपल्याच समाजाला जडलेली नाही. मात्र तिकडे ती जन्माला चिकटविली गेली नव्हती, एवढा फरक. अनेक वर्षे घरच्यांशी झगडल्यानंतर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथील संस्थेत त्यांनी तीन महिने शिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहान रुग्णालयाच्या त्या अधीक्षिका झाल्या. तेथे त्यांनी आधी काय मागावे? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, आणि जेवणाची ताटे वर खेचून घेण्यासाठी यंत्र. परिचारिकेचे पाय जिने चढण्यात झिजले तर ती रुग्णाजवळ थांबणार केव्हा, हा त्यामागचा हिशेब.

क्रिमियाच्या युद्धात ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयाकडे निघाल्या. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे: रात्रीचा काळोख, हातातील दिवा, खाटांच्या लांबलचक रांगा. ती खोटी नाही. त्यांनी सदरे, चादरी, भांडी मिळविली, कपडे उकळून धुण्याची सोय केली, स्वयंपाकघर सुधारले. तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरामागे चाळीसच्या वर गेले. त्या भव्य इमारतीखाली तुंबलेली गटारे होती आणि त्यांचा दूषित वायू दालनांत शिरत होता. मार्चमध्ये इंग्लंडहून स्वच्छता आयोग आला, त्याने गटारे साफ केली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण शंभरामागे दोनच्या आसपास उतरले.

आमच्या मते त्यांचे मोठेपण या ठिकाणी आहे. मायदेशी परतल्या तेव्हा त्या देशाच्या लाडक्या झाल्या होत्या. गप्प राहिल्या असत्या तरी कोणी जाब विचारला नसता. परंतु विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने त्यांनी मृतांचे आकडे मांडले. युद्धातील जखमांनी मेले त्यांहून कितीतरी अधिक सैनिक टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले, आणि त्यांत आपले रुग्णालयही आले, हे त्यांनी रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवले. माया होती, कष्ट होते, तरी माणसे गेली. तेव्हा नुसती माया पुरत नाही, ज्ञान लागते. लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने १८५८ मध्ये त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री सभासद होत.

जनतेने त्यांच्या नावे उभारलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा सुरू झाली. वर्षभराचे शिक्षण, राहणे-जेवणे मोफत, वर थोडे वेतन. म्हणजे तीही एक निवासी शाळाच! प्रत्येक विद्यार्थिनीचे मासिक प्रगतिपत्रक भरले जाई. वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, टापटीप हे रकाने एकीकडे. जखम बांधणे, रुग्णाला कूस बदलून देणे, अंथरुणात पडून होणारी क्षते टाळणे हे दुसरीकडे. स्वभाव आणि कसब यांची अशी एकत्र तपासणी पाहिली की विनयपिटकातील रुग्णसेवकाच्या गुणांची यादी आठवते. औषध सिद्ध करता येणे, पथ्यापथ्य ओळखणे, लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे आणि मलमूत्र काढताना किळस न बाळगणे, हे सर्व गुण तथागतांनी एकाच ठिकाणी सांगितले आहेत.

त्यांच्या शुश्रूषेवरील छोट्या पुस्तकातील शिकवण आजही कामाची आहे. रात्री झोप कशी लागली, असे मोघम विचारू नये. किती तास लागली, कोणत्या वेळी मोडली, हे विचारावे. रुग्णाच्या दाराबाहेर कुजबुजू नये. हात वरचेवर धुवावेत. आणि आपण हजर असताना जे होते ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावून ठेवावी. आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांनी हे शेवटचे वाक्य भिंतीवर लावायला हरकत नाही.

ही शाळाही निर्दोष नव्हती. दहा-बारा वर्षांनी लक्ष घातले तेव्हा त्यांना आढळले, की व्याख्याने नीट होत नाहीत आणि शिकाऊ मुलींना दालनात नुसते राबविले जाते. मग आजारपणामुळे बहुधा अंथरुणालाच खिळलेल्या नाइटिंगेल स्वतः मुलींच्या रोजनिश्या वाचू लागल्या, एकेकीला बोलावून बोलू लागल्या. याच शाळेतील बारा परिचारिका घेऊन अॅग्नेस जोन्स १८६५ मध्ये लिव्हरपूलच्या अनाथ-निर्धनांच्या रुग्णालयात गेल्या. तोवर तेथे आजाऱ्यांची देखभाल तेथलेच निर्धन रहिवासी करीत. दरिद्री माणूस आजारी पडला की तो आधी रुग्ण, हे तत्त्व तेथे प्रथमच अमलात आले. जोन्स तीन वर्षांत तापाने वारल्या.

भारतात नाइटिंगेल कधी आल्या नाहीत. पण येथील छावण्यांच्या आरोग्याची चौकशी करता करता त्यांचे लक्ष रयतेच्या दुष्काळाकडे आणि खेड्यांच्या पाण्याकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार झाला. साम्राज्याच्या चौकटीबाहेर मात्र त्यांची दृष्टी गेली नाही. जंतूंचा सिद्धान्त त्यांनी फार उशिरा मानला, आणि परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला विरोध केला. आणि त्याच क्रिमियाच्या युद्धात जमैकाच्या मेरी सीकोल या कृष्णवर्णीय स्त्रीला अधिकाऱ्यांनी नकार दिला, तेव्हा ती स्वखर्चाने रणभूमीवर पोहोचली. तिचे नाव आपल्या मुलींना दिव्याच्या चित्राइतकेच ठाऊक असावे.

१३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे नाइटिंगेल यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अॅबीतील दफनाचा मान कुटुंबीयांनी नाकारला. ईस्ट वेलो या खेड्यातील त्यांच्या समाधीवर नाव नाही. आद्याक्षरे दोन आणि जन्म-मृत्यूची नोंद, एवढेच कोरलेले आहे.